विणलेली टोपी दर वेळी वेगळ्याच मापाची का होते (चार टोप्या चुकवून लागलेला शोध)

मी ज्या ज्या विणणाऱ्या बाईशी बोलले तिच्या कपाटात एक तरी अशी टोपी निघालीच जी घरात कोणालाच होत नाही. टाके मोजून घातलेले, पॅटर्न शब्दन् शब्द पाळलेला, वीण सुरेख, आणि डोक्यावर घातली की एक तर टाळूवर वाटी पालथी घातल्यासारखी बसते नाहीतर थेट नाकापर्यंत उतरते. मग आपण म्हणतो हात बिघडला. हातबित काही बिघडलेला नसतो. माझ्या चार टोप्या लागोपाठ चुकल्या, चारही वेगवेगळ्या कारणांनी चुकल्या, आणि खरी गोची ही की प्रत्येक वेळी मी आधीच्या टोपीतली चूक दुरुस्त करत बसले होते जी या टोपीत नव्हतीच. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून टाकते.

तर झालं असं. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिकडची थंडी म्हणजे आपल्या पुण्याची जानेवारीतली पहाट नव्हे, बर्फबिर्फ सगळं. तिचा फोन आला, वहिनी तू त्या टोप्या करतेस ना तशा चार कर, आई ऑक्टोबरमध्ये येतायत त्यांच्याबरोबर पाठव. आणि सोबत तिकडच्या एका पॅटर्नचा फोटो. नीडल साईज ८, यार्न ४, टाके ८८. म्हटलं किती सोपं. आठ नंबरच्या सुया माझ्याकडे आईच्या वेळच्या आहेत, फोर प्लाय लोकर घरात पिशव्या भरभरून पडलीये, दोन संध्याकाळीत टोपी तयार. झाली पण तयार. नवऱ्याच्या डोक्यावर घातली तर कानसुद्धा झाकेनात. टेप लावला तर टोपीचा घेर ३८ सेंटिमीटर आणि त्याचं डोकं ५७. ताणून ताणून किती ताणणार.

आता इथे एक सोडून दोन घोळ होते आणि दोन्ही नंबरचे.

पहिला सुयांचा. आपल्याकडे दुकानात ज्या सुया नंबरवर मिळतात तो नंबर जुना ब्रिटिश. तारेच्या गेजसारखा तो उलटा चालतो, नंबर वाढला की सुई बारीक. बाळाच्या मोज्याला आपली आई बारा नंबर घ्यायची आणि मफलरला आठ, ते याच हिशोबानं. आपली १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, ९ नंबर ३.७५, ८ नंबर ४, ६ नंबर ५ मिलिमीटर. अमेरिकेत याच्या बरोब्बर उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर, म्हणजे आपली ६. त्यांची ६ म्हणजे ४ मिलिमीटर, म्हणजे आपली ८. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे सारखाच येतो, ४.५ मिलिमीटर. त्यामुळे एखादीनं पहिलाच अमेरिकन पॅटर्न सात नंबरवरचा केला असेल तर तिची टोपी झकास होते आणि तिला आयुष्यभर कळत नाही की बाकीच्यांच्या का बिघडतात!

म्हणून नंबर विसरा आणि मिलिमीटर बघा. नवीन सुयांवर बहुतेक वेळा मिलिमीटर छापलेलं असतं. माझ्यासारख्या आईच्या, मावशीच्या सुया असतील, रंग उडालेला, डोक्यावरचा आकडा झिजलेला, तर भोकांची मापपट्टी मिळते त्यात सुई घालून बघायची. माझ्याकडे ती नव्हती. मुलाचा अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी आणलेला व्हर्निअर होता, त्यानं मोजल्या. आणि काय निघालं, माझ्या "आठ नंबर"च्या जोडीत एक सुई ४ ची आणि एक ३.७५ ची. म्हणजे कधीतरी दोन जोड्या एकमेकींत मिसळल्या आणि मी किती वर्षं एक ओळ जाड एक ओळ बारीक अशी विणतेय देव जाणे. आत्ता उठा आणि तुमच्या सुया मोजा, खरंच सांगते.

दुसरा घोळ लोकरीचा. पॅटर्नवरचा ४ आणि आपल्या गुंड्यावरचा फोर प्लाय यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. अमेरिकन ४ हा जाडीचा नंबर आहे, मध्यम जाड लोकर, जी साडेचार ते साडेपाच मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण १६ ते २० टाके देते. आणि फोर प्लाय म्हणजे चार पदर पिळून केलेला धागा, एवढंच. पदर बारीक असले तर चार पदरी धागाही बारीकच होणार ना. ब्रिटिश पॅटर्नमध्ये फोर प्लाय म्हणतात ती तर चांगली बारीक लोकर, मोज्यांची, १० सेंटिमीटरमध्ये २७-२८ च्या वरच टाके. आपल्याकडे फोर प्लाय या नावाखाली बारीकपासून बऱ्यापैकी जाडपर्यंत काय काय मिळतं, एकाच दुकानात दोन कंपन्यांचे दोन गुंडे हातात घेतले तरी फरक कळतो. त्यावर उपाय साधा आहे, पेन्सिलीवर धागा न ताणता वेढे मारायचे, एकाला एक चिकटून, आणि एक इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं. मध्यम जाड लोकर असेल तर साधारण ९ ते ११ बसतात. माझ्या त्या लोकरीचे १४ बसले. म्हणजे सुई बारीक, लोकर बारीक, आणि टाके मात्र त्यांचे ८८. टोपी लहान होणार नाही तर काय.

पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी काय केलं तर शुद्ध अंदाजपंचे दाहोदरसे. लहान झाली ना, मग टाके वाढवा. ८८ चे १२० केले. आणि त्याच वेळी तो रंग संपला म्हणून तुळशीबागेत जाऊन दुसरी लोकर आणली, ती निघाली जाड, हाताला मऊ लागली म्हणून घेतली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या. ही टोपी ६३ सेंटिमीटर. नवऱ्यानं घातली तर भुवया, डोळे सगळं आत, आणि सासूबाई म्हणाल्या, अगं ही चहाच्या किटलीवर छान बसेल.

इथेच मी थांबून नमुना विणायला हवा होता. इंग्रजीत त्याला स्वॉच म्हणतात आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात त्याला गेज, जुन्या पुस्तकांत टेन्शन. टेन्शन हा शब्द मला जास्त आवडतो कारण ते नावाप्रमाणेच येतं. नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांना असतो, मलाही आहे, कारण ती तासाभराची मेहनत कुठेच दिसत नाही. पण हिशोब बघा. ९६ टाके आहेत समजा. १० सेंटिमीटरला १८ टाके बसत असतील तर घेर ५३ सेंटिमीटर, २० बसत असतील तर ४८, २२ बसत असतील तर ४३ आणि थोडा. म्हणजे तेच टाके, आणि १० सेंटिमीटरमध्ये दोन-दोन टाक्यांचा फरक पडला की मोठ्या माणसाची टोपी शाळकरी पोराची होते आणि त्याची बाळाची. अर्धा टाकासुद्धा सोडायचा नाही. साडेअठरा आले तर साडेअठराच लिहायचे, "जाऊ दे एकोणीस धरू" करायचं नाही, तिथेच टाके जास्त घातले जातात आणि टोपी जवळपास दीड सेंटिमीटरनं मोठी होते.

नमुना विणताना बहुतेक जणी (मीसुद्धा) वीस टाके घालतात, चार बोटं विणतात आणि कडेपासून कडेपर्यंत पट्टी लावतात. ते माप खोटं असतं. कडेचे टाके नेहमी वाकडेतिकडे, एक सैल एक घट्ट. निदान ३० टाके घाला, चौकोन विणा, सुईवरून उतरवून सपाट ठेवा आणि मधले १० सेंटिमीटर मोजा. दोन टाचण्या लावून मधले टाके मोजले की चुकत नाही.

आणि अजून एक बारीक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. आपण नमुना दोन सुयांवर सपाट विणतो, एक ओळ सुलट एक ओळ उलट, आणि टोपी विणतो गोल सुईवर जिथे फक्त सुलट टाके येतात, उलट ओळ येतच नाही. आणि पुष्कळ जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो. तुमचा पडतो का ते बघायचं असेल तर सपाट विणलेल्या तुकड्याची उलटी बाजू समोर धरा, दोन-दोन ओळींच्या जोड्या पडून मध्ये फट दिसत असेल तर पडतो. म्हणजे सपाट नमुन्यात १९ टाके आले तरी गोल विणताना तुमचे २० येणार. टोपी गोल विणणार असाल तर नमुनाही गोलच हवा.

मी आता खरं सांगायचं तर वेगळा नमुना विणतच नाही, टोपीलाच नमुना धरते. अंदाजे टाके घालायचे, खालची ताणणारी पट्टी झाली की वरची वीण पाच-सहा सेंटिमीटर विणायची, मग अर्धे टाके एका वेगळ्या दोऱ्यात ओवून घ्यायचे म्हणजे वीण सुईवर गोळा न होता मोकळी पडते, आणि मोजायचं. चुकलं तर उसवायचं. स्वेटरला हे परवडत नाही पण टोपी, हेडबँड, मनगटाची पट्टी असल्या छोट्या वस्तूंना हेच बरं. मात्र अट एकच, चुकलेलं दिसलं तर तिथेच उसवायचं, "धुतल्यावर होईल नीट" असं मनाला समजवायचं नाही. धुतल्यावर काय होतं ते पुढे सांगतेच.

तर तिसरी टोपी. यावेळी जाड लोकर, १० सेंटिमीटरला १९ टाके, मोजून १०० घातले, घेर साडेबावन्न. नवऱ्याला मस्त बसली. ५७ च्या डोक्याला साडेबावन्न ऐकायला कमी वाटतं, पण टोपी डोक्यापेक्षा लहानच हवी, चार-पाच सेंटिमीटरनं, ती ताणूनच बसते. डोक्याएवढीच केली तर पहिल्याच वाऱ्याला उडेल. मी खूश. म्हटलं पाठवायच्या आधी धुऊन इस्त्री करून देऊ, नणंदेकडे पाठवायची म्हणजे नीट दिसायला नको का. मशीनमध्ये टाकली, बाल्कनीत दोरीवर दोन चिमटे लावून टांगली, ओली होती तेव्हाच लांब झाली आणि मग मी तिच्यावर वाफेची इस्त्री फिरवली. झालं. टोपीचा पार फडका झाला. पट्टी ताणली तर परत येईना, नुसती लोळत पडली.

यामागचं कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, अॅक्रिलिक असतं. मेंढीची लोकर निसर्गतःच नागमोडी असते, ओली करून हातानं आकार दिला, सपाट वाळवली की त्या आकारात राहते आणि ताणली तरी परत येते. अॅक्रिलिक हे एक प्रकारचं प्लॅस्टिक. थंड पाण्यानं त्याला फारसं काही होत नाही, पण उष्णता आणि वाफ लागली की तो धागा मऊ पडतो आणि त्याची लवचीकता कायमची जाते, पुन्हा काही केल्या येत नाही. शालीला, स्टोलला मुद्दाम अशी वाफ देणाऱ्याही आहेत कारण तिथे झोळ हवा असतो. टोपीच्या पट्टीला दिली की टोपी संपली.

तुमची लोकर कुठली हे लेबल हरवलं असेल तर जाळून कळतं. चार बोटं धागा चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर, ओढणी-पदर सांभाळून, आणि काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, पटकन पेट घेत नाही, आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. गरम असताना त्या मण्याला हात लावू नका, मी लावला. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो. मिश्र लोकरीत थोडं थोडं दोन्ही होतं.

म्हणजे मोजायच्या आधी नमुना तसाच धुवायचा जशी टोपी पुढे धुतली जाणार आहे. नणंदेकडे सगळं मशीनमध्ये आणि ड्रायरमध्ये जातं, तर माझा नमुनाही मशीनमध्ये. धुण्याआधी मोजा, वाळल्यावर मोजा. माझ्या त्या जाड लोकरीचा नमुना हातानं धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि पलंगावर सपाट वाळवला तर जेमतेम फरक पडला. त्याच लोकरीचा दुसरा तुकडा ओला असताना चिमट्यानं टांगला तर मापच बदललं. वजन पाण्याचं असतं, धाग्याचं नव्हे. विणलेलं काहीही टांगायचं नाही, मोजेसुद्धा नाहीत.

सुती धाग्याच्या टोप्या, हेडबँड करणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू. सुती धाग्याला स्वतःची ताण नसते, आणि दोन सुलट दोन उलटची पट्टी घातली तरी चार दिवसांत सैल पडते. त्यात पर्याय दोनच, एक तर अजून दोन-तीन सेंटिमीटरनं लहान करा नाहीतर पट्टीच्या आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा ओवा.

चौथी टोपी सगळं शिकून केली आणि तरी चुकली! घेर बरोबर, लोकर बरोबर, धुऊन बघितली, सगळं झालं. पण काढली की कपाळावर लाल रेघ. वर सगळी टोपी ताणतेय आणि खालचा काठ दोरीसारखा आवळलेला. म्हणजे टाकेच घट्ट घातले होते. टाके मोजून झाले तरी काठ वेगळा आणि वीण वेगळी, हे आपण धरतच नाही. परीक्षा सोपी आहे, चार ओळी विणून झाल्या की काठ दोन्ही हातांनी ताणा, पट्टी जेवढी ताणते तेवढा काठ ताणला पाहिजे. ताणला नाही तर पुढे एक ओळही विणू नका. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यावर घाला आणि मग एक हळूच काढून घ्या, किंवा फक्त टाके घालण्यापुरती दोन नंबर जाड सुई घ्या. आई मला हे शाळेत असताना सांगायची, दोन सुयांवर घाल गं, आणि मी ऐकायची नाही कारण सुई काढताना टाके सुटतील अशी भीती वाटायची. सुटत नाहीत.

आता पाचवी. ही जमली, म्हणून हिशोबच देते, तुमचे आकडे घालून करा. डोकं ५६ सेंटिमीटर. त्यातून ५ वजा, उरले ५१. धुतलेल्या नमुन्यात १० सेंटिमीटरला १९ टाके म्हणजे एका सेंटिमीटरला १.९. ५१ गुणिले १.९ म्हणजे ९६.९. आता हा आकडा असाच नाही घ्यायचा, पट्टी दोन सुलट दोन उलट आहे म्हणजे ४ नं भाग गेला पाहिजे आणि वर टाळूला आठ पाकळ्या करायच्या आहेत म्हणजे ८ नं पण. जवळचा आकडा ९६. पट्टी वरच्या विणीपेक्षा दोन नंबर बारीक सुईवर, ती आवळून बसायला हवी. मग मोठी सुई आणि सरळ सुलट.

उंचीचाही हिशोब करा, नाहीतर घेर बरोबर येऊन टोपी कानाच्या वरच संपते. माझी पूर्ण उंची २१ सेंटिमीटर धरली. टाळूला ९६ टाक्यांचे आठ भाग, प्रत्येकी १२. दहा सुलट दोन एकत्र, पुढच्या कमी करायच्या फेरीला नऊ सुलट दोन एकत्र, असं करत दर फेरीला आठ टाके कमी. ९६ वरून ८ वर यायला अशा ११ फेऱ्या लागतात. पहिल्या ६ एक सोडून एक, म्हणजे मध्ये एक साधी फेरी, त्यात ४८ टाके उरतात, मग शेवटच्या ५ लागोपाठ. एकूण १७ फेऱ्या. माझ्या हाताला १० सेंटिमीटरला २६ ओळी म्हणजे या १७ फेऱ्यांचे साडेसहा सेंटिमीटर झाले. २१ मधून ते वजा, म्हणून काठापासून साडेचौदा सेंटिमीटर झालं की कमी करायला सुरुवात. दर फेरीत घाईनं कमी केलं तर टाळू सपाट होतो आणि फार सावकाश केलं तर वर शंकू उभा राहतो, बाळाच्या कुंचीला तो शोभतो, साडेपाच फुटी माणसाला नाही.

क्रोशावाल्यांचं थोडं वेगळं कारण तिथे टोपी बहुतेक वेळा टाळूपासून खाली येते. तिथे नंबरपेक्षा शब्दांचा घोळ मोठा. आपला मुका खांब, तो बुटका टाका, म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, आणि त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात. आपला साधा खांब, तो उंच टाका, म्हणजे अमेरिकन डबल आणि ब्रिटिश ट्रेबल. एकाच व्हिडिओखाली निम्म्या जणींची टोपी दुप्पट उंच होते ती यामुळे. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर तो अमेरिकन समजा, ब्रिटिशमध्ये तो टाका त्या नावानं येतच नाही.

साईजसाठी क्रोशात एक हुकमी हिशोब आहे. टोपीचा जो घेर हवा त्याला ३.१४ नं भागा, तेवढा टाळूचा सपाट गोल झाला की वाढवायचं थांबवा आणि सरळ खाली या. ५३ चा घेर हवा तर १७ सेंटिमीटरचा गोल. खांबाचं काम असेल तर १२ नं सुरुवात आणि दर फेरीला १२ वाढ, मुक्या खांबाचं असेल तर ६ नं सुरुवात आणि ६ वाढ, साधारण. गोल टेबलावर ठेवून बघत जा. कडेला झालर येत असेल तर वाढ जास्त होतेय, मध्ये खोलगट वाटी होत असेल तर कमी.

आणि आधीच बिघडलेल्या टोप्यांचं काय, तर सगळ्या उसवायची गरज नाही. ढगळ असेल आणि पट्टी रुंद असेल तर पट्टीच्या आतल्या बाजूनं तीन ओळींत इलॅस्टिकचा दोरा ओवा, बाहेरून दिसत नाही. काठ आवळत असेल तर काठाच्या लगेच वरच्या ओळीतला एक टाका कापायचा (हो, कात्रीनं, श्वास धरून), ती एक ओळ सुईच्या टोकानं हळूहळू काढत जायची, काठ सुटून येतो आणि वर मोकळे फास उरतात, ते सुईवर घ्यायचे आणि जाड सुईनं सैल बंद करायचे. चौथी मी अशीच वाचवली. पहिल्यांदा कापताना हात थरथरतो पण टोपी अख्खी उसवण्यापेक्षा अर्ध्या तासाचं काम आहे. लहान झालेल्या टोपीला काही इलाज नाही, ती लहान डोकं शोधून द्यायची. पहिली टोपी शेजारच्या सहा महिन्यांच्या पिल्लाला मिळाली, त्याला ती इतकी बरोबर बसली की त्याची आई मला म्हणाली काकू तुम्ही माप कधी घेतलंत.

इस्त्रीनं मेलेली अॅक्रिलिकची टोपी मात्र खरंच गेली, तिच्यामागे वेळ घालवू नका. ती तिसरी मी शेवटी कापून भांड्याखालची चटई केली.

उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका, हे विसरायचं नाही. तिला वळ्या पडलेल्या असतात, तशीच विणली तर टाके असमान येतात आणि नमुन्याचं माप पण चुकतं. लहानपणी आई जुना स्वेटर उसवायची तेव्हा मला समोर बसवून दोन्ही हात पुढे धरायला लावायची आणि हातांवर लडी करत जायची, माझे खांदे भरून यायचे आणि नाक नेमकं तेव्हाच खाजायचं. आता मी खुर्चीच्या पाठीला गुंडाळते. लडीला चार ठिकाणी सैल गाठी मारायच्या, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवायची, हलक्या हातानं पिळून सावलीत अडकवायची. खाली थोडं वजन लावायचं, फार नाही, एखादा ओला टॉवेल पुरे. आपण वर टांगायचं नाही म्हटलं ते विणलेल्याला, लडी चालते. दुसरी किटलीवाली टोपी मी काल उसवली, तिची लडी आत्ता बाथरूमच्या खुंटीला लटकतेय आणि सासूबाईंची बॅग अर्धी भरून झालीये. दोन टोप्या बाकी आहेत.